कप्तानाच्या दगडाची पाठ

१

कप्तान हिदिरचा दगड रविवारी सकाळी जागेवर नव्हता. हे सगळ्यांत आधी रुश्तूला कळलं, त्यानंच धापा टाकत जाऊन वर्दी दिली, आणि म्हणून सगळ्यांत आधी संशयही रुश्तूवरच आला. जगाची रीतच आहे. बोंब ठोकणाऱ्याचेच हात आधी हुंगले जातात.

रुश्तू सत्तरीचा. ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटाच्या बंदराबाहेर निलगिरीच्या झाडांखाली जे जुनं तुर्की कबरस्तान आहे, त्याचा तो राखणदार. बाप राखणदार, आजाही राखणदार. फाटकालगतच्या दोन खोल्यांत तो जन्मला आणि तिथंच त्याची बायको गेली. आता जुन्या वास्तूंच्या कचेरीतून निरोप आला होता. शुक्रवारपर्यंत दगड मिळाला नाही, तर किल्ल्या द्यायच्या आणि खोल्या रिकाम्या करायच्या.

"मी जाऊ कुठं, बाई?" तो म्हणाला. "माझं फक्त मरण उरलंय. तेवढं तरी माझ्या खाटेवर होऊ द्या म्हणावं त्यांना."

नझीफेबाई दगडाच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

बाई मूळच्या शेजारच्या कोस बेटावरच्या. मास्तरीण म्हणून इथं आल्या, आणि तुर्की शाळा बंद पडून बारा वर्षं झाली तरी गावाच्या त्या बाईच राहिल्या. ग्रीक कोळणीसुद्धा त्यांना बाईच म्हणत. जुनी, अरबी वळणाची तुर्की लिपी वाचणारं गावात आता त्यांच्याखेरीज कोणी उरलं नव्हतं. कोटात भिंत खणताना कोरलेला दगड निघाला, एखाद्या कारंज्यावरची अक्षरं धुऊन काढली, की कचेरीतून बोलावणं यायचं. या कबरस्तानातल्या तीनशे चाळीस दगडांची यादीही त्यांनीच केलेली. क्रमांक, नाव, साल, उंची, रुंदी आणि समोरून एक फोटो. कप्तानाचा क्रमांक एकशे बारा. डोक्यावर संगमरवरी फेटा आणि खाली सात ओळी. त्या सात ओळी बाईंना तोंडपाठ होत्या, आणि सगळ्या दगडांत हा एक त्यांचा लाडका होता.

"काल कुठं होतास, रुश्तूभाऊ?"

"सकाळी बाजारात. काल ख्रिस्ती लोकांचा पितरांचा शनिवार, सगळं गाव त्यांच्या स्मशानात. म्हटलं, गर्दी नाही तर मासळी स्वस्त मिळेल. दुपारी आलो आणि पडून राहिलो. या टोकाला आलोच नाही. चुकलंच माझं."

बाई गुडघे टेकून बसल्या. चोरानं दगड काढून खड्डा बुजवला होता, वर माती थापटून सारखी केली होती. शेजारच्या दगडाला घोंगडीचे लोकरी धागे चिकटले होते, म्हणजे काढताना त्याला ओरखडा जाऊ नये म्हणून कोणी तो गुंडाळला होता. इतका सभ्य चोर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि दगडाच्या पाठीमागच्या बाजूला, जिथं यादीप्रमाणे कोणाचीच कबर नव्हती, तिथं मेरसिनची एक हिरवी डहाळी मातीत खोचलेली होती. मेरसिनचा सुवास मेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. ईदेच्या आदल्या दिवशी प्रत्येक तुर्की घरातून ती कबरीवर येते.

"पण ईदेला अजून चार महिने आहेत," रुश्तू पुटपुटला.

"मुंग्या बघ," बाई म्हणाल्या.

डहाळीच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती, आणि त्या उकडलेल्या गव्हाचे दाणे ओढत होत्या. मध्येच एक लाल डाळिंबाचा दाणा. पितरांच्या शनिवारी ख्रिस्ती बायका साखर घालून करतात तो कोलिवा. तो तुर्काच्या कबरीवर कोणी ठेवत नाही. आणि मेरसिन ठेवणाऱ्याच्या घरी कोलिवा शिजत नाही.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

२

पांतेलिसचं दुकान कोटातल्या मोठ्या रस्त्यावर. तो काल घडवलेली पितळी भांडी दोनशे वर्षांची म्हणून विकतो, हे सगळ्या गावाला ठाऊक. पोलीस आधी त्याच्याकडेच येऊन गेले होते.

"या बाई, तुम्हीही या," तो म्हणाला. "झडती घ्या. फक्त त्या माठाखाली बघू नका, तिथं माझी दारू आहे."

"तू नेलास का?"

"मी चोर आहे, मान्य. पण मूर्ख चोर नाही. त्याच्या शेजारी कोण उभी आहे? आरमारप्रमुखाची बायको. अंगभर गुलाबाची फुलं, अक्षरांत अजून सोनं शिल्लक. जर्मन पाहुणा तिला बघून वेडा होईल. तिला सोडून मी हा फेटेवाला दाढीदीक्षित कशाला उचलू? तो दिवाणखान्यात उभा केला तर घरधनीण माहेरी निघून जाईल."

बाईंना एवढ्या काळजीतही हसू आलं.

पांतेलिसनं आवाज खाली आणला. "ऐका. ज्यानं नेला त्याला दगड नको होता. त्याला हाच दगड हवा होता. म्हाताऱ्याच्या खोल्या वाचवायच्या असतील, तर विकत घेणारा शोधू नका. ज्याचा जीव त्या दगडात अडकलाय, तो शोधा."

तटाच्या दुरुस्तीवर त्साम्बिकोस गवंडी चुना कालवत होता. चाळिशीचा, कचेरीच्या भरवशाचा माणूस. लेकरू होत नाही म्हणून डोंगरावरच्या मातेला नवस बोलतात आणि झालेल्या पोराला तिचं नाव ठेवतात, तसं त्याचं नाव पडलेलं. जागा बघायला कचेरीनं त्यालाच नेलं होतं, आणि त्याचं मत कागदावर गेलं होतं. दगड काढायला चार माणसं लागली असतील, शिवाय क्रेन.

"चार कशाला?" बाईंनी विचारलं. "मागच्या वर्षी मुफ्तींचा पडलेला दगड तू एकट्यानं तीन वाशांचं तिकाटणं लावून, साखळीनं उभा केलास."

"तो लहान होता, बाई."

"तो याच्याहून वीतभर उंच होता. यादी माझी आहे."

त्साम्बिकोस फावडं चालवत राहिला. मग एकदम थांबून म्हणाला, "रुश्तूकाकांना खरंच काढतील?"

"शुक्रवारी."

"मला वाटलं नुसतं धमकावतायत. म्हाताऱ्याला कोण काढेल?" त्याचा चेहरा पडला होता. "मिळेल हो दगड. शुक्रवारच्या आत मिळेल."

"तुला कसं माहीत?"

तो खाली वाकला आणि चुन्याशी बोलावं तसं म्हणाला, "दगड जाऊन जाऊन जाणार कुठं?"

तेवढ्यात त्याचा गडी दगडांनी भरलेली हातगाडी खडखडत घेऊन गेला. रस्त्यावरच्या एकाही माणसानं मान वर करून पाहिलं नाही. बाईंनी मात्र पाहिलं, आणि त्या घरी न जाता थेट कबरस्तानाकडे वळल्या.

३

रुश्तूनं कॉफी ठेवली. किल्ल्यांचा जुडगा त्यानं आतापासूनच टेबलावर काढून ठेवला होता, आणि भिंतीवरच्या बायकोच्या फोटोचा खिळाही उपटला होता.

"रुश्तूभाऊ, कप्तानाच्या दगडाच्या पाठीवर काय होतं?"

"खरडलेलं होतं काहीतरी. नव्या अक्षरांत."

"काय?"

"मला कुठं वाचता येतं, बाई? तुम्ही वाचलं असेल की. यादी तुम्ही केलीत."

बाईंनी वाचलं नव्हतं. कचेरीला जुनी लिपी हवी होती आणि बाईंना जुन्या लिपीचा अभिमान होता. तीनशे चाळीस दगड त्यांनी समोरून वाचले. पाठीला कोण जातं?

"कोणी खरडलं होतं?"

"हाजेरच्या नवऱ्यानं. खिळ्यानं." रुश्तूनं कप पुढे सरकवला. "हाजेर धोबीण. तुम्ही आलात तेव्हा होती की ती. पुढं बहिणीच्या दुखण्याला म्हणून समोर तुर्कस्तानात मार्मारिसला गेली, ती राहिलीच तिकडं."

बाईंच्या हातातला कप थबकला. "सांग. सगळं सांग."

"तुम्ही तेव्हा कोसला होतात. इथं लढाईचा शेवटचा हिवाळा. जर्मन आत, इंग्रजांची जहाजं बाहेर, धान्य येईना. लोकांनी गवत उकडून खाल्लं, बाई. मांजरं दिसेनाशी झाली. हाजेरची पोरगी अंगावर पिणारी. तेवढ्यात शेजारच्या ख्रिस्ती घरात बाळंतीण गेली. बारा वर्षांच्या नवसानं झालेलं पोर, आणि तोंडात घालायला थेंब नाही. बाप ते पोर घेऊन हाजेरच्या दारात उभा राहिला. तिनं घेतलं." रुश्तूनं नाक पुसलं. "दूध एकापुरतंच होतं. तिनं दोघांना पाजलं. एक जगलं."

बाईंनी कप तसाच खाली ठेवला.

"पोरीला दगड घ्यायची ऐपत कोणाची होती?" रुश्तू म्हणाला. "माझ्या बापानं जागा दाखवली. म्हणाला, कप्तानाच्या मागं पुरा, मोठा माणूस आहे, लेकराला सांभाळील. तेव्हा पुष्कळ गरिबांनी तसंच केलं. हाजेर दर शुक्रवारी यायची, मागच्या बाजूला पाणी घालायची, मेरसिन खोचायची. ते पोरही तिचा पदर धरून यायचं."

मेरसिन आणि गहू. एकाच हातानं ठेवलेले. ज्याला शोक करायला दोन आयांनी शिकवलं, असा हात.

"ते जगलेलं पोर, रुश्तूभाऊ. त्याचं नाव काय?"

रुश्तूनं नवलानं पाहिलं. "नवसाचं म्हटलं ना, बाई? त्साम्बिकोस. आपला गवंडी."

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्साम्बिकोसचा कारखाना कबरस्तानापासून हाकेच्या अंतरावर होता. बुधवारी सकाळी बाई तिथं गेल्या तेव्हा दार उघडं होतं. ओल्या गोणपाटाखाली कप्तान उताणा नव्हे, पालथा पडला होता, आणि त्याच्या कडेत दगड कापायची तारेची करवत अडकलेली होती.

त्साम्बिकोस उठला नाही. "बसा, बाई."

"शनिवारी सगळे स्मशानात असताना तू तिकाटणं लावलंस," बाई उभ्यानंच म्हणाल्या. "भर दिवसा गाडीवर घातलास आणि रस्त्यानं आणलास. गवंड्याच्या गाडीवर दगड दिसला तर कोण विचारतो? चार माणसं आणि क्रेन तू उगाच सांगितलीस. हे सगळं माझ्या लक्षात नसतं आलं, पण तू जाताना तिला गहू ठेवून गेलास."

"मेरसिन हाजेरआईनं शिकवलं. गहू घरी वाढवणाऱ्या आत्यानं," तो म्हणाला. "दोन्ही केल्याशिवाय मला निघवेना. ती माझी दूधबहीण. माझ्या वाट्याचं ती मेली."

त्यानं गोणपाट बाजूला केलं. पाठीवर वेडीवाकडी अक्षरं होती, जणू शाळेत कधी न गेलेल्या माणसानं दुसऱ्याच्या कागदावरून उतरवलेली. मेलिहा. सात महिने. खाली एक फूल, ते मात्र नीट जमलेलं.

"आई तिकडं शेवटच्या घटका मोजतेय. नजर गेलीय. होडीवाल्याबरोबर निरोप आला, मला येता येत नाही तर मेलिहाचा दगड आणून द्या, हातानं बघीन. नवा कोरून पाठवतो म्हटलं, तर म्हणाली, बापाच्या हातचाच हवा. पाठीचा दोन बोटं पापुद्रा काढायचा आणि कप्तान परत उभा करायचा, एवढंच होतं मनात. उद्या दुपारी होडी सुटते. पण हे बघा." त्यानं बोट ठेवलं. संगमरवरात एक निळसर शीर तिरकी गेली होती. "करवत इथवर आली की कप्तान दुभंगू शकतो. दोन दिवस झाले, हात धजत नाही. इकडं रुश्तूकाका, तिकडं आई."

"ती स्वतः का नाही आली? इतक्या वर्षांत?"

"तिला येऊ कोण देतं?" तो एकदम भडकला. "बहिणीचं करायला गेली, वर्षभर राहिली, तर इकडं सरकारनं कागदावर लिहिलं, बाई परत यायच्या इराद्यानं गेलेली नाही, नाव कमी करा. हातातलं पारपत्र रद्दीत गेलं. तिनं तीनदा अर्ज केला. मला राहायचं नाही, म्हणाली, लेकीच्या कबरीवर पाणी घालून संध्याकाळच्या होडीनं परत जाते. तिन्ही वेळा एकच उत्तर. कबरस्तानाची यादी तपासली, अशा नावाची कबर नाही."

बाई चुन्याच्या पोत्यावर बसल्या.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार त्यांना लख्ख आठवला. यादीची वही मांडीवर होती. सोडा घालून घालून फाटलेल्या हातांची एक बाई पाण्याचा डबा घेऊन बाजूला उभी होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली होती, बाई, मागचं पण लिहाल का? माझी मेलिहा आहे तिथं, सात महिन्यांची. आणि नझीफेबाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या होत्या, कचेरीनं फक्त जुनं मागितलंय गं.

"ती बाई मी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण त्यांनाच ओळखू येईना. "तिनं मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. दोन शब्द होते, त्साम्बिकोस. मी लिहिले नाहीत."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

"आई सांगायची," तो शेवटी म्हणाला. "एक मास्तरीण होती, घाईत होती म्हणायची. तुमच्याविषयी वाईट कधी बोलली नाही."

बाई उठल्या. त्यांनी कप्तानाच्या थंडगार कडेवरून हात फिरवला. सात ओळी, दोनशे वर्षं, त्यांचा लाडका दगड.

"काप," त्या म्हणाल्या. "पाणी मी ओतते."

५

शीर फुटली नाही. गुरुवारी दुपारी गोणपाटात शिवलेला पापुद्रा होडीतून गेला आणि शुक्रवारी उजाडता कप्तान हिदिर आपल्या जागी उभा होता. कचेरीतल्या ख्रिसान्थीबाई यादी घेऊन आल्या. उंची बरोबर, रुंदी बरोबर. जाडी कोणी कधी मोजलीच नव्हती. रुश्तूनं पुढं केलेल्या किल्ल्या काही न विचारता त्यांनी परत त्याच्या हातात ठेवल्या, आणि म्हातारा खोलीत जाऊन बायकोचा फोटो पुन्हा भिंतीला टांगायला लागला.

रविवारी होडी निरोप घेऊन परतली. त्साम्बिकोसच बाईंच्या दारी आला, आत यायला तयार होईना.

"पोचला," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "आई नव्हती. बुधवारी संध्याकाळीच गेली. आपण कापत होतो तेव्हा. तिच्या उशाला लावलाय दगड. भाच्यांनी लावला. मला तिकडं जायचा परवाना कोण देणार इतक्यात?"

त्याला रडू आवरेना. चाळीस वर्षांचा धिप्पाड माणूस दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडला, आणि बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सांत्वनाचा शब्द त्यांच्या तोंडी शोभला नसता.

सोमवारी सकाळी दोघं कबरस्तानात गेली. कापलेली पाठ कोरी होती. बाईंनी पेन्सिलीनं अक्षरं काढून दिली, फळ्यावर काढत तशी गोल आणि ठसठशीत. त्साम्बिकोसनं ती कोरली. फूल काढताना तो दोनदा थांबला. मग बाईंनी रुश्तूला पाठवून ख्रिसान्थीबाईंना बोलावून घेतलं आणि यादी बरोबर आणायला सांगितली.

ख्रिसान्थीबाई दगडाच्या मागं गेल्या आणि तिथंच खिळल्या. ताजा काप, ताजी अक्षरं, अंगावर पांढरी भुकटी घेऊन उभा असलेला कचेरीचाच गवंडी. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या.

"हे कोणी केलं, नझीफेबाई?"

"यादीत तो रकाना नाही," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, ती मला दुरुस्त करायची आहे. एकशे बारा क्रमांकावर दोन माणसं आहेत. मी एकच लिहिलं. दुसरं लेकरू, लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गेलेलं."

"आणि पोलिसांना मी काय सांगू?"

"दगड मिळाला म्हणून सांगा. पुढं काही विचारलं, तर माझं नाव द्या."

ख्रिसान्थीबाईंनी त्साम्बिकोसकडे पाहिलं, मग फाटकाशी उभ्या रुश्तूकडे. वही उघडली, पण दिली नाही. त्यांना यादीत काहीही पुराव्याशिवाय घालता येत नसे.

"चाळीस वर्षं झाली," त्या हलकेच म्हणाल्या. "कागद नाही, दाखला नाही. हे नाव बरोबर आहे, हे कशावरून?"

"तिच्या आईनं सांगितलं."

"कधी?"

"एकोणीस वर्षांपूर्वी," नझीफेबाई म्हणाल्या. "इथंच उभी होती ती. मला ऐकू आलं होतं."

ख्रिसान्थीबाईंनी वही त्यांच्या हातात दिली. बाईंनी एकशे बाराच्या पुढं लिहायला सुरुवात केली, आणि नाव पुरं व्हायच्या आतच त्यांना अक्षर दिसेनासं झालं.